चार वाजताचा मिस कॉल

महाडच्या बाजारपेठेत माझं मोबाईलचं दुकान आहे. एके काळी माझी अशी समजूत होती, की फोनमधलं माझ्याइतकं कळणारा माणूस पनवेलपासून पोलादपूरपर्यंत शोधून सापडायचा नाही. फुशारकीच ती, पण अगदीच पोकळ नव्हती. आधी माझा एसटीडी बूथ होता. कुवेत, मस्कत, जेद्दा, बहारीन, ज्या घरचा माणूस जिकडे तिकडचा कोड मला तोंडपाठ. २००५च्या पुरात सावित्रीचं पाणी बूथमध्ये छातीपर्यंत चढलं, काचेची केबिन गेली, मशीन गेलं, आणि गाळ उपसून त्याच जागेत मी मोबाईल विकायला बसलो. तेव्हापासून परदेशी निघालेला प्रत्येक जण आधी माझ्याकडे यायचा. रोमिंग चालू करून दे, घरच्या नंबरांच्या पुढे अधिक एक्क्याण्णव लावून दे, तिकडच्या प्लगात बसेल अशी पिन दे. मी सगळं करून द्यायचो आणि वर दोन शब्द सुनवायचो. माणसं बॅग महिनाभर आधीपासून भरतात, आणि फोन मात्र वीर स्टेशनला जायची रिक्षा दारात उभी राहिली की माझ्यापुढे आणून टाकतात.

शमसुन्निसा चाची मात्र निघायच्या वीस दिवस आधी आली.

चाची आमच्या मोहल्ल्यातली, माझ्या घरापासून दोन घरं पलीकडची. नात्याने कुणी नाही, पण माझी अम्मी अंथरुणाला खिळली तेव्हा मला तिनेच जेवू घातलं, आणि मी आठवीत नापास झालो तेव्हा अब्बांच्या छडीच्या आड तीच उभी राहिली होती. वय साठीच्या पुढे, बांधा ठेंगणा आणि यंत्रांची भीती जन्माची. घरात पहिल्यांदा फोन आला तेव्हा ती उभं राहून बोलायची, आणि पलीकडे कुणी वडीलधारं असलं तर आधी डोक्यावर पदर घ्यायची. मी चिडवायचो, “चाची, ते बघत नाहीत तुला.” ती म्हणायची, “त्यांचा राहू दे, मला तर ठाव हाय ना कोण बोलतंय.”

२००६च्या डिसेंबरात ती आणि चाचा हजला निघाले होते. मुलगा अकिब कुवेतला. त्याने आईसाठी एक साधा हँडसेट पाठवला होता. तो तिने रुमालात बांधून आणला आणि काउंटरवर गाठ सोडली.

“मुसैब रे, तिकडं ह्याचा काय करायचा ते मला शिकव. चाचांना कमी ऐकू येतं, ते काय हात लावायचे नायत. नि तिकडं बायकांची खोली वेगळी, बाप्यांची वेगळी. म्हंजे मलाच शिकायला पायजे.”

रोमिंगमध्ये आपण फोन केला तर पैसे जातातच, पण आलेला नुसता उचलला तरी जातात, हे तेव्हा गावात कुणाला पटायचं नाही. आदल्या वर्षी एका हाजीसाहेबांनी पहिल्याच दिवशी सगळ्या नातवंडांशी गप्पा मारून कार्ड रिकामं केलं होतं आणि उरलेला महिनाभर फोन नुसताच खिशात वागवला होता. अशा लोकांसाठी मी एक पद्धत बसवली होती, आणि त्या पद्धतीचा मला भारी अभिमान होता. चाचीला मी तीच शिकवली.

रोज दुपारी चार वाजता मी दुकानातून तिला एक मिस कॉल देणार. तिकडे तेव्हा दीड वाजलेला असतो. घंटा वाजली, पडद्यावर दुकानाचा नंबर आला, की समजायचं मोहल्ल्यात सगळी मंडळी खुशाल आहेत. मग लाल बटण दाबून फोन कापायचा. तिने कापला की इकडे मला कळणार, चाचीही खुशाल आहे. दोन्हीकडचं काम झालं आणि कंपनीला दमडी नाही.

“आणि कोण आजारीबिजारी पडला तर?” तिने विचारलं.

“तर मी चार वाजता फोन करणारच नाही. फोन आला नाही, की तू तिकडच्या बूथवर जाऊन मला लावायचा.”

“म्हंजे फोन आला तर बरा, नाय आला तर वाईट.”

“पास झालीस. मेसेज आला तर तो कंपनीचा असतो, तिकडे बघायचंच नाही. आणि हजच्या दिवसांत मक्केबाहेर मीनाच्या तंबूंत राहायला जाशील तेव्हा फोन बंद करून खोलीतल्या बॅगेत ठेवून जा. त्या गर्दीत पडला तर मिळायचा नाही.”

मी तिथल्या तिथे दुकानाच्या फोनवरून पाच-सहा वेळा सराव करून घेतला. घंटा वाजली की ती दचकायची आणि तिचं बोट पहिल्यांदा हिरव्या बटणाकडे जायचं. हिरवं बटण तिला जास्त चांगलं वाटत होतं, असं ती म्हणाली. शेवटी मी पांढरी चिकटपट्टी घेतली, कात्रीने चौकोनी कापली आणि हिरव्या बटणावर नीट बसवली. आता चुकायची सोयच राहिली नाही. चाचीने ते पाहून माझं कौतुक केलं, आणि मीही ते हसत घेतलं.

फोन परत रुमालात बांधता बांधता ती थांबली. “मुसैब, नि समज भाईंचा फोन आला तर रे? तर उचलू ना?”

भाई म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, लतीफशेठ. महाड-पोलादपूर रस्त्यावर ज्यांचे ट्रक चालत ते. बहीण-भावाची घरं एकाच गल्लीत, मध्ये जेमतेम शंभर पावलं, आणि बोलणं बारा वर्षं बंद. लतीफशेठची मुलगी अम्बरीन हिला अकिबसाठी करायची, असं दोघांनी पोरं लहान असतानाच ठरवलं होतं. अकिब कुवेतला गेला आणि त्याने दुसरीकडे जमवलं. हे भावाला सांगायला चाचीचे पाय उचलले नाहीत. तिने एका नातेवाइकाकरवी निरोप धाडला. लतीफशेठनी मुलीला पुढे चांगलं स्थळ बघून दिलं, पण तो निरोप काही ते विसरले नाहीत. “नाय म्हणायचा व्हता तर दारात येऊन म्हणायचा. बहीण हाय का कोण हाय?” एवढं एकच वाक्य ते वर्षानुवर्षं बोलत राहिले, आणि तेही इतरांशी.

आमच्यात हजला निघालेला माणूस आधी घरोघर जाऊन माफी मागतो. काही बोललो-चाललो असू, काही ऐकवलं असेल, तर कहासुना माफ करा. ती मागितल्याशिवाय निघायचं नाही. चाची सबंध आठवडा हेच करत फिरत होती. डोंगरावरच्या वाडीतून तिला वीस वर्षं दूध घालणारी चिमाबाई, तिच्यापुढेसुद्धा चाची हात जोडून उभी राहिली. चिमाबाई म्हणाली, “माफी तर मी मागायची व्हती गो बाय. दुधात पानी मीच घालत व्हते.” चाची म्हणाली, “ते तर मला माहीत व्हतं,” आणि दोघी रस्त्यात उभ्या राहून हसल्या. ही गोष्ट मला स्वतः चिमाबाईने सांगितली.

भावाकडे चाची त्याच दिवशी सकाळी जाऊन आली होती. वहिनीने दार अर्धं उघडलं आणि सांगितलं, ते घरी नायत. दारात लतीफशेठच्या चपला होत्या. चाचीने त्या बघितल्या, वहिनीनेही तिला बघताना बघितलं. चाची म्हणाली, “आले की सांग, शमसू येऊन गेली,” आणि परत फिरली.

म्हणून तिने मला विचारलं, भाईंचा आला तर उचलू ना. तिला दुसरं काहीही नको होतं. ती माफी मिळाल्याशिवाय आपली हज अर्धीच राहील, असं तिने मनाशी घेतलं होतं.

आणि मी, फोनमधलं सगळं कळणारा, म्हणालो, “चाची, शंभर पावलांवर राहून जो माणूस बारा वर्षं बोलला नाही, तो मक्केला फोन करील? डोक्यातून काढ ते. फोन कुणाचाही असो, लाल बटण. एकदा नियम मोडलास की मोडलाच.”

“बरं रे,” ती म्हणाली आणि गाठ मारली.

मी घाईत होतो असंही नाही. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मला फक्त माझी पद्धत बिघडू द्यायची नव्हती. ते वाक्य आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

चाची-चाचा गेले. पहिल्या दिवशी चार वाजता मी नंबर लावला. दोन घंटा झाल्या आणि फोन कापला गेला. मक्केत बसून चाचीने लाल बटण दाबलं होतं. मी दुकानातल्या दुकानात टाळी वाजवली, आणि समोरच्या कापडवाल्याला बोलावून सगळी पद्धत समजावून सांगितली. मग ते रोजचंच झालं. चार वाजले की बाजारातला कुणी ना कुणी विचारायचा, “कापला का चाचीने?” मी म्हणायचो, “कापला.” अख्ख्या पेठेला एका बाईची खुशाली कळायची आणि श्रेय मला मिळायचं.

ईदच्या चार-पाच दिवस आधीची गोष्ट. दुपारी साडेतीनला लतीफशेठ दुकानाच्या पायरीवर उभे राहिलेले दिसले. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी, आणि चेहरा पार उतरलेला. त्यांच्या छातीत दुखत होतं हे गल्लीत माहीत होतं, पण त्यांना इतकं उतरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी स्टूल पुढे केलं. त्यांनी बसून दम घेतला.

“तू तिला चार वाजता फोन लावतोस म्हणे.”

“लावतो.”

“आज लावशील तेव्हा मला दे. घरून लावला असता, पण तिचा नंबर कोणाकडं मागू?” मग काठीकडे बघत म्हणाले, “उद्या सकाळच्या गाडीनं मुंबईला नेतायत. ऑपरेशन हाय. डॉक्टर काय बोलत नाय सरळ, पण मला समजतं. ती आली व्हती तेव्हा मी आतच व्हतो रे. तिनं माझ्या चपला बघितल्यान. मी खिडकीतून तिला जाताना बघत व्हतो.”

मी फोन त्यांच्या बाजूला सरकवला. ते पुढे बोलत राहिले.

“लहानपणी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेली व्हती तिला. जाम घाबरायची. मी सांगितला, मी आधी पाय घालतो, मग तू घाल. मग घातलान तिनं. आता पण मीच आधी घालायला पायजे व्हता.”

चार वाजायची वाट न बघता मी नंबर लावला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला, दुसऱ्या हाताने टोपी सारखी केली. घंटा माझ्यापर्यंत ऐकू येत होती. दोन घंटा, आणि कट.

“उचलत नाय,” ते म्हणाले.

आणि इथे मी हसलो. खरं सांगतो, मी हसलो, कारण चाचीने किती चोख काम केलं होतं. म्हटलं, “शेठ, ती उचलणारच नाही. मीच तसं शिकवलंय तिला.” मग मी त्यांना पद्धत समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“परत लाव.”

परत लावला. कट. तिसऱ्यांदा लावला. एकच घंटा, आणि कट. चाचीचा हात बसत चालला होता. चौथ्या वेळेला माझं हसू आटलं. पाचव्या वेळेला माझ्या लक्षात आलं, की मी जितके जास्त फोन करीन तितकी तिची खात्री पटत जाईल की इकडे सगळं उत्तम आहे. आणि तिने उचलायचं ठरवलं तरी हिरव्या बटणावर माझी चिकटपट्टी होती.

सहावा कापला गेल्यावर लतीफशेठनी रिसीव्हर काउंटरवर ठेवला. “घंटा वाजते नि कापला जातो. म्हंजे फोन तिच्या हातातच हाय. ती बघते नि कापते.”

“तिला वाटतंय मीच करतोय, शेठ.”

“तू करतोस तरी सहा वेळा? माणूस सहा वेळा फोन करतो म्हंजे काय काम असंल, एवढा तिला समजत नाय?”

मी परत सुरुवातीपासून सांगू लागलो. फोन आला तर बरं, नाही आला तर वाईट. बोलता बोलता मलाच ते खोटं वाटायला लागलं. कुणाला पटेल असं काही? जगात सगळीकडे लोक फोन उचलायला घेतात आणि मी एका म्हाताऱ्या बाईला तो कापायला शिकवला होता.

“पोराला समजावतात तसा मला समजावू नको, मुसैब,” ते उठत म्हणाले. “मी दार नाय उघडला. ती फोन नाय उघडत. फिट्टंफाट झाली.”

“काय सांगायचं ते मला सांगा. मी तिला शब्दन्‌शब्द सांगेन.”

“निरोपानंच तर सगळा बिघडलाय. निरोप नको आता.”

ते पायरी उतरत होते तेव्हा मी सातव्यांदा नंबर लावला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तोही कापला गेला.

त्यानंतर मी सुचेल ते केलं, पण सुचलं ते सगळं उशिरा. तिच्या खोलीत आणखी तीन बायका होत्या, त्यांतल्या एकीचाही नंबर मी घेऊन ठेवला नव्हता. मेसेज टाकला, पण मेसेजकडे बघायचं नाही हेही माझंच शिक्षण. कुवेतला अकिबला फोन करून सांगितलं. त्यानेही आईला लावून बघितलं, त्याचाही तिने कापला. मग मला माझ्याच पद्धतीतली पळवाट आठवली. दुसऱ्या दिवशी मी चार वाजता फोन केला नाही. फोन आला नाही की ती घाबरेल, बूथवर जाईल, मला लावेल, आणि मी तिला लतीफशेठच्या मुलाचा मुंबईतला नंबर देईन. त्या दिवशी चार वाजता मी दुकानाचा फोन पुढ्यात घेऊन बसलो. साडेचार झाले, पाच झाले. समोरच्या कापडवाल्याने विचारलं, “कापला का?” मी नाही म्हणून मान हलवली. त्यानंतर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे माझं लक्ष गेलं. चाची त्याच सकाळी मीनाला गेली होती. मी सांगितल्याप्रमाणे, फोन बंद करून, बॅगेत ठेवून.

लतीफशेठ ऑपरेशननंतर शुद्धीवर आलेच नाहीत. आमच्या ईदच्या दोन दिवस आधी ते गेले. मुंबईहून त्यांना रस्त्याने आणलं आणि दुसऱ्या दिवशी दफन केलं. मी खांदा दिला, मातीही दिली. अम्बरीन सासरहून आली होती. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, “मुसैबभाई, अब्बा त्या दिवशी तुमच्या दुकानातून आले ते कुणाशी बोललेच नाहीत. काय झालं होतं?” मी तिला पद्धत समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसलो होतो. चारचा फोन मी त्या दिवसापासून लावलाच नव्हता. फोन वाजला. बूथवरचा गलका, आणि मधून चाचीचा आवाज.

“मुसैब रे, ईद मुबारक. हज झाली माझी. फोन चालू केला, दोन दिवस तुझी वाट बघितली. मी म्हटला ईदची सुट्टी असंल. चाचा म्हणाले, नाय, तू लावच. नि काय रे, मीनाला जायच्या आदल्या दिवशी किती फोन केलास? खोलीतल्या बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, उचल ना गो. मी सांगितला, नाय, उचलायचा नाय, सगळी खुशाल हायत ते सांगतोय तो. सात वेळा कापला मी. नि सातही वेळा अल्हमदुलिल्लाह म्हटला.”

मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. तिने हळू आवाजात इन्ना लिल्लाही म्हटलं. मग तिने विचारलं,

“त्या सात फोनांत भाई व्हते?”

“होते. पहिल्या सहांत.”

“मी का उचलत नव्हते ते त्यांना कळला ना?”

“मी सांगितलं त्यांना,” मी म्हणालो.

सांगितलं होतं, हे खरं. पटलं का, ते तिने विचारलं नाही, आणि मी आपणहून बोललो नाही. फिट्टंफाट हा शब्द मी तिला कधीच सांगितला नाही. चाची पुढे अडीच वर्षं होती, रोज दुकानावरून जात होती, पण नाही सांगितला. तिचा भाऊ तिला नकार देऊन गेला नाही, उलट तिनेच आपल्याला नकार दिला असं समजून गेला, हे ठाऊक असलेला गावात मी एकटाच. तिला ते सांगायचं मला कधी धाडस झालं नाही, आणि तिची माफी मागायचंही. ती मागायची वेळ एकदा अगदी समोर आली होती.

हजहून आल्यावर चाचीकडे भेटायला सगळा गाव लोटला. आब-ए-जमजमचं पवित्र पाणी, खजूर, दुआ. मी सोडून सगळे जाऊन आले. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तीच दुकानात आली. माझ्यासाठी खजुराची पुडी आणली होती. ती काउंटरवर ठेवली, आणि शेजारी रुमाल सोडून फोन ठेवला. हिरव्या बटणावरची पट्टी तशीच होती, फक्त कडांना मळलेली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

“मुसैब, तू मला कापायला शिकवलास. उचलायला शिकवलासच नाय. आता शिकव.”

मी नखाने पट्टी काढली. खाली गोंद चिकटून राहिला होता, तो थिनरच्या फडक्याने पुसला. मग दुकानाच्या फोनवरून तिचा नंबर लावला. दोघांमध्ये काउंटरएवढंच अंतर. तिच्या हातातला फोन वाजायला लागला. पडद्यावर दुकानाचा नंबर आला, तोच, ज्यावरून तो सात वेळा वाजला होता. चाची स्टुलावरून उठून उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला. मग हिरवं बटण दाबलं आणि फोन कानाला लावला.

“हॅलो,” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत.

रिसीव्हर माझ्या कानाशी होता. चाची, कहासुना माफ कर, एवढेच शब्द. ते म्हणायची वेळ हीच होती. एवढ्याशाच शब्दांसाठी ती घरोघर फिरली होती, चिमाबाईपुढेसुद्धा हात जोडून आली होती.

“आवाज येतोय का?” मी विचारलं.

“येतोय. बोल ना.”

“काही नाही. असंच उचलायचं. एवढंच.”

तिने मान हलवली. तरी फोन कानाला तसाच धरून ती आणखी थोडा वेळ थांबली, पलीकडून कुणी बोलेल म्हणून. मग तिने लाल बटण दाबलं. ते तिला शिकवावं लागलं नाही.